करुणापर अभंग

संकटात, पश्चात्तापात, विरहात किंवा देवाच्या मौनाने जीव कासावीस झाला असता मराठी संतांनी देवालाच उद्देशून रचलेल्या आर्त अभंगांना करुणापर अभंग म्हणतात. संतांच्या संकलित गाथांमध्ये आणि भजनी मालिकांच्या पुस्तकांत ‘करुणा’ किंवा ‘करुणापर’ या मथळ्याखाली ते एकत्र छापलेले आढळतात. धावा, विनवणी, आळवणी, गाऱ्हाणे, प्रेमकलह अशी त्यांची अनेक रूपे आहेत. मात्र बोलणारा कितीही हताश झाला तरी त्याने देवाशी बोलणे सोडलेले नसते, ही गोष्ट त्या सर्वांत समान आहे. मन शांत करूनच देवापुढे यावे, अशी अट या परंपरेने कधी घातली नाही. मनात साचलेले सारे काही, संशय आणि संताप यांसह, त्याच्यापुढे मांडण्याचा हक्क संतांनी गृहीत धरला, आणि असा हक्क गाजवण्याइतके देवाला आपले मानणे यातच त्यांच्या श्रद्धेचे बळ दिसते.

या वृत्तीला शास्त्राधार आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. त्यांत ज्ञानी श्रेष्ठ मानला असला तरी दुःखाने पोळून आलेल्या आर्तालाही भक्तांच्या पंक्तीत जागा मिळाली आहे. शके 1212 (इ. स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, आणि वारकरी संप्रदायाने पुढे विठ्ठलाला ‘माउली’ म्हणून हाक मारली. आईपुढे रडायला लाज वाटत नाही आणि तिच्यावर रुसताही येते. करुणापर अभंगांतली मोकळीक या नात्यातून आलेली आहे.

नामदेवांच्या (1270–1350) अभंगांत हे रुसणे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसते. ‘पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा’ असे म्हणून, ते नाव खरे होत नसेल तर आपण माघारी जातो, असे ते देवाला दारातच बजावतात. त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी विठ्ठलाला ‘विठाबाई’ म्हणून आळवले आणि प्रसंगी ‘विठ्या’ म्हणून फैलावरही घेतले.

चोखामेळ्यांच्या अभंगांत मात्र दुःखाला सामाजिक अन्यायाची धार आहे. महार समाजात जन्मलेल्या चोखोबांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद’ या त्यांच्या अभंगात मंदिराचे पुजारी असलेले बडवे आपल्याला मारत आहेत, शिव्या देऊन देव बाटवल्याचा आरोप करत आहेत, असे गाऱ्हाणे आहे, आणि शेवटी हात जोडून, आपल्या बोलण्याचा राग नसावा, अशी विनवणी आहे. मार खाणाऱ्याने रागाबद्दल क्षमा मागावी, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. शके 1260 (इ. स. 1338) मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधण्यात आली. मंदिराचे दार दलितांसाठी उघडण्यास 1947 साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. देवावरचा विश्वास टिकवून धरणाऱ्या माणसाला माणसांनी किती ताटकळत ठेवले, याची नोंद घेतल्याशिवाय हा अभंग पुरता कळत नाही.

मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रेचा अभंग या प्रकाराचा सर्वांत परिचित नमुना होय. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेला बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले आणि तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, अशी परंपरागत कथा आहे. ‘नको देवराया अंत आता पाहू । प्राण हा सर्वथा जाऊ पाहे’ असा अभंगाचा प्रारंभ आहे. वाघाने धरलेल्या हरिणीच्या पाडसासारखी आपली गत झाल्याचे ती सांगते, त्रिभुवनात दुसरा ठाव दिसत नाही म्हणते, आणि अखेरच्या चरणांत ‘मोकलूनी आस, जाहले उदास । घेई कान्होपात्रेस हृदयात’ अशी हाक देते. आस सोडल्याचे सांगून झाल्यावर, त्याच श्वासात, हृदयात घेण्याची मागणी येते. सुटकेची आशा संपली आहे. ज्याच्याकडे जायचे त्याच्याविषयीचा भरवसा संपलेला नाही. या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे ज्या नेमकेपणाने येथे उमटले आहे तसे विस्तृत तत्त्वचर्चेतही क्वचितच उमटते.

करुणापर अभंगांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत अशांत साठा तुकारामांच्या गाथेत आहे. इ. स. 1630 ते 1632 या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनची दैना केली. देहूच्या या वाण्याचे दिवाळे निघाले आणि घरात मृत्यू शिरला. ‘दुष्काळे आटिले द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली’ हे त्यांचेच शब्द आहेत. पुढे एका अभंगात त्यांनी या दिवाळ्याबद्दल आणि दुष्काळाने केलेल्या पीडेबद्दल ‘बरे झाले’ असे म्हटले आहे. प्रवचनांत हा उद्गार पुष्कळदा एकटा उचलला जातो, आणि त्यामुळे तुकारामांना दुःखाचा चटका बसलाच नाही असा समज होतो. ‘बरे झाले’ म्हणण्यापर्यंतची वाट लांबलचक होती. ‘माझे लेखी देव मेला । असो त्याला असेल’ असे निर्वाणीचे बोलही त्याच गाथेत आहेत, आणि संप्रदायाने ते गाळले नाहीत, हे विशेष.

अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हाचे अभंग या संदर्भात एकापाठोपाठ एक वाचावेत. वह्या बुडाल्यावर तुकारामांनी नदीकाठी अन्नपाणी सोडून धरणे धरले. ‘तेरा दिवस झाले’ तरी अनंत पावत नाही, अशी तक्रार एका अभंगात आहे. वह्या पाण्यावर आल्याची वार्ता लागताच ‘थोर अन्याय केला, तुझा अंत म्यां पाहिला’ असा उलट पश्चात्ताप उसळतो. लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाला शिणवले, याची त्यांना खंत वाटते. एरवी भक्ताने देवाला ‘अंत पाहू नको’ म्हणायचे. येथे भक्तच आपण देवाचा अंत पाहिल्याचे कबूल करतो. संकटातून सुटल्यानंतरचे हे ओशाळेपण आधीच्या हट्टाइतकेच खरे आहे.

आशेचे स्वरूप कळण्यासाठी ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ हा अभंग महत्त्वाचा आहे. दिवाळीच्या मुळासाठी आसावलेली सासुरवाशीण माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसते, तशी आपण पंढरीची वाट पाहत आहोत, असे तुकाराम म्हणतात. माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी अजून आलेला नसतो, पण माहेर आहे याविषयी तिला शंका नसते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या वचनाचा दैववादी अर्थ लावणाऱ्यांनी हा अभंगही शेजारी ठेवून पाहावा. तुकारामांचे समाधान हातपाय गाळून बसणाऱ्याचे नाही; ‘रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग’ असे मनाशी चाललेल्या झुंजीचे वर्णन करणाऱ्याचे ते आहे.

समर्थ रामदासांची (1608–1681) करुणाष्टके याच भावाची, पण वेगळ्या घडणीची आहेत. ‘अनुदिनी अनुतापे तापलो रामराया’ हे प्रसिद्ध करुणाष्टक मालिनी वृत्तात असून त्यात आवरत नसलेल्या चंचल मनाची व्यथा आहे. ही करुणाष्टके घरोघरी सायंप्रार्थनेत म्हटली जात.

हे अभंग मुख्यतः म्हणण्यासाठी आहेत, आणि तेही समूहात. टाळ-मृदंगाच्या साथीने एकाने चरण सांगायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा, या रीतीमुळे एकाचे दुःख क्षणभर सगळ्यांच्या तोंडी येते. काकडआरतीला, एकादशीच्या जागरात, हरिनाम सप्ताहात आणि कुणी गेल्यानंतर त्या घरी होणाऱ्या भजनात ते म्हटले जातात. ज्याला स्वतःचे दुःख बोलता येत नाही त्याला कान्होपात्रेचे किंवा तुकोबांचे शब्द आयते मिळतात, आणि गाणारे शेजारी बसलेले असतात. निराशेत माणूस सर्वाधिक एकटा पडतो, हे लक्षात घेतले तर या प्रथेचे मोल कळते. नवसाशी तिचा गोंधळ करू नये. करुणेत काही देण्याघेण्याचा करार नसतो.

आधुनिक काळात मुंबईत 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तुकारामांचे अभंग आपल्या उपासनेत घेतले. तत्त्वज्ञ रा. द. रानडे यांनी तुकारामांच्या या आर्त अवस्थेची सांगड ख्रिस्ती गूढवाद्यांनी वर्णिलेल्या आत्म्याच्या काळोख्या रात्रीशी घातली. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रांशीही या अभंगांचे जवळचे नाते आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा बाविसाव्या स्तोत्राचा प्रारंभ चोखोबांच्या धाव्याला परका नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांनी बांधलेल्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, आणि त्यांनी ख्रिस्ताला आळवण्यासाठी अभंगाचाच छंद वापरला. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायली जातात.