शिधापत्रिकेवरचं पहिलं नाव : सीमाभागातल्या बायका-मुलांच्या पोषणाची पार्श्वभूमी

२ ऑक्टोबर २०१७ पासून कर्नाटकातल्या अंगणवाड्यांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दुपारचं गरम जेवण मिळू लागलं. योजनेचं नाव ‘मातृपूर्ण’. महिन्याचे २५ दिवस भात, सांबार, भाजी, उकडलेलं अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. अट एवढीच, की अंगणवाडीत येऊन तिथंच जेवायचं. शिधा घरी दिला तर तो सगळ्या घराच्या पोटात जातो आणि जिच्यासाठी दिला तिच्या वाट्याला तवलीच्या बुडाशी उरेल तेवढंच येतं, हे अट घालणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांचं चुकलं नव्हतं. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्टीत, कणकुंबीच्या पावसात, पोट सांभाळत वाडीवरून रोज उतरायचं आणि परत चढायचं कुणी? रोजगाराला गेलेल्या बाईनं मधेच मजुरी सोडून कसं यायचं? जेवायला येणाऱ्यांची संख्या राज्यात बऱ्याच ठिकाणी कमी राहिली आणि कारणं थोड्याफार फरकानं हीच होती.

बाई मागाहून जेवते, ही रीत सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखीच. पुरुष, मग पोरं, मग सासू, शेवटी सून. त्यातही दोन जिवाच्या बाईनं बेतानंच खावं, पोर लहान राहिलं की सुटका सोपी होते, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या लहानपणी गल्लीगल्लीत होत्या. डिंकाचे लाडू नि आळिवाची खीर व्हायची ती बाळंतपणानंतर. त्याआधीच्या नऊ महिन्यांत ती काय खाते याकडे कुणाचं लक्ष नसे, आणि लग्नाआधीच्या १५-१६ वर्षांत तर नाहीच.

सरकारचं लक्षही त्याच बेतानं गेलं. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. कर्नाटकातला पहिला गट म्हैसूर जिल्ह्यातला टी. नरसीपूर, म्हणजे आमच्यापासून राज्याचं दुसरं टोक. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता आणि इथल्या मराठी माणसाचं राजकारण पुढची कित्येक दशकं त्या एका तारखेभोवती फिरत राहिलं. त्यात अंगणवाडीची पाटी कुठल्या भाषेत, यावर जेवढं बोललं गेलं त्याच्या पावपटीनंही तिच्यातल्या पातेल्यात काय शिजतं यावर बोललं गेलं नाही. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही.

निपाणीत मात्र बायकांनी प्रश्न दुसऱ्या टोकानं धरला. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, शरद जोशी आणि एप्रिलमधला तो गोळीबार सगळ्यांना आठवतो. त्याच काळात वखारींतल्या बायका प्रा. सुभाष जोशींच्या सोबतीनं संघटित होत होत्या, ते कमी जणांच्या लक्षात आहे. दिवसभर जर्दा कुटायचा, चाळायचा. तंबाखूची खाट, म्हणजे झोंबरी धूळ, नाकातोंडात जाऊन डोकं गरगरायचं, भूक मरायची. तान्ह्याला तिथं आणायचं तर धुळीत, घरी ठेवायचं तर थोरल्या मुलीच्या कडेवर, आणि मग तिची शाळा संपली. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता. ठरावीक संख्येहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर हवं, असं त्यात लिहिलेलं होतं. पण विड्या वळायचं काम घरोघरी वाटून दिलं की पाळणाघराचा प्रश्नच मिटतो. हजार विड्यांचा दर, वर वाकड्या म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा बाईच्याच पदरात. त्या बायकांनी मागितली ती वाढीव मजुरी. पण मजुरी वाढली की घरातल्या भाकरीसोबत आमटीही येते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

सौंदत्तीच्या यल्लम्माची गोष्ट याहून जुनी. माघी पौर्णिमेच्या यात्रेत मुली देवदासी म्हणून देवीला सोडल्या जात. १९३४ च्या मुंबईच्या कायद्यानं त्याला बंदी आली, आणि तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच असल्यानं तो इथंही लागू होता. पुढं कर्नाटकानं १९८२ साली स्वतंत्र कायदा केला. पन्नासेक वर्षांत त्याच प्रथेवर दुसरा कायदा करावा लागला, यावरून पहिला किती पाळला गेला ते समजावं. या बायकांच्या मुलांना शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव नसे. दाखला अडला, तिथूनच पुढच्या सगळ्या कागदांचं अडत गेलं. १९९७ मध्ये घटप्रभेत पूर्वाश्रमीच्या देवदासींनी स्वतःची संस्था उभी केली.

कायद्यानं दिलेल्या गोष्टी भराभर सांगतो. कर्नाटकाच्या १९८३ च्या कायद्यानं मंडल पंचायतींत, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या पंचायतींत, बायकांना २५ टक्के जागा मिळाल्या. १९९४ साली कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी. वाटा मिळाला, पण भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायची वहिवाट काही मोडली नाही.

सीमाभागाची खास अडचण सोयरिकीत आहे. इथल्या कितीतरी सुनांचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडे. पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत ती कर्नाटकच्या अंगणवाडीची आणि नंतर महाराष्ट्राच्या. दोन कार्डं, दोन भाषांतल्या नोंदी, आणि नेमक्या त्या तीन-चार महिन्यांत ती कुठल्याच वहीत धड नसते.

गरोदरपणाच्या आधीपासून आहार द्यायला हवा, याचा मोठा प्रयोग आमच्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला, हे बेळगावकरांनाही फारसं माहीत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांचा त्यात वाटा होता. भारत, पाकिस्तान, ग्वाटेमाला आणि काँगो मिळून सात हजारांहून अधिक बायका. काहींना दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून स्निग्धांशयुक्त पूरक आहाराची पुडी, काहींना दिवस गेल्यावर, काहींना नाही. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. पुडी घेतलेल्यांची बाळं जन्मतः थोडी लांब भरली. थोडीच, पण भरली.

राज्याचे आकडे मात्र हलत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या ४४.८ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. २०१९-२० मध्ये ४७.८ टक्के. पाच वर्षांखालच्या खुजट राहिलेल्या मुलांचं प्रमाण ३६.२ वरून ३५.४ वर आलं.

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिन्याला २००० रुपये येऊ लागले. ते कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर जातात. प्रमुख कोण, हे शिधापत्रिका सांगते, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली सगळ्यात मोठी बाई ती प्रमुख. सासूला की सुनेला, यावर तेव्हा राज्यभर वाद झाला. महिला आणि बालविकास खात्याच्या तेव्हाच्या मंत्री बेळगाव ग्रामीणच्याच आमदार होत्या. निकाल सासूच्या बाजूनं लागला. दिवस गेलेले असतात ते सुनेला.