शस्त्रक्रियोत्तर तंत्रिकावेदना

शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावरही त्या जागी किंवा तिथल्या नसेच्या (तंत्रिकेच्या) क्षेत्रात टिकून राहणारी वेदना. रुग्ण तिचे वर्णन आग होणे, मुंग्या येणे, चमक मारणे, करंट लागल्यासारखे होणे असे करतात. कपड्याचा नुसता स्पर्शही काहींना सोसत नाही.

किती काळानंतर ती चिरकारी (दीर्घकाळची) मानावी, याबद्दल मतभेद आहेत. मॅक्रे व डेव्हिस या संशोधकांनी १९९९ च्या सुमारास दोन महिन्यांची मर्यादा सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल १ जानेवारी २०२२ पासून) ती तीन महिने आहे. दोन महिन्यांत जखमेचा दाह पुरता ओसरलेला नसतो, म्हणून दुसरी मर्यादा अधिक ग्राह्य वाटते. मात्र ती वर्गीकरणासाठी आहे; उपचारांसाठी तोवर थांबण्याचे कारण नाही.

तुटलेल्या नसेच्या टोकाशी तंत्रिकार्बुद (नसेच्या तंतूंची गाठ) होऊन तेथून आपोआप संदेश सुटतात, हे जुने स्पष्टीकरण. ते अपुरे आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतली नस कापली जाऊनही अनेकींना वेदना राहत नाही, तर नस वाचवूनही काहींना राहते. नसेची इजा हे निमित्त आणि मेरुरज्जूतील (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जेतील) वाढलेली संवेदनशीलता हे वेदना टिकण्याचे कारण, या मताकडे आज कल आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची वेदना आणि नंतरच्या पहिल्या दिवसांतील तीव्र वेदना यांनी धोका वाढतो; म्हणून त्या दिवसांतले दुखणे अंगावर काढू नये. प्रमाण शस्त्रक्रियेनुसार बदलते : जांघेच्या हर्नियानंतर सुमारे १०%, छाती उघडल्यावर ३० ते ४०% रुग्णांत वेदना टिकते, पण त्या सर्वांची तंत्रिकाजन्य (नसेतून उद्भवणारी) नसते.

पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा उपयोग बेताचाच. अमिट्रिप्टिलीन (बहुधा रात्री १० मिग्रॅ. पासून), ड्युलोक्सेटिन, गाबापेंटिन किंवा प्रिगाबालिन लहान मात्रेने सुरू करून सावकाश वाढवतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असल्यास अमिट्रिप्टिलीन जपून द्यावे लागते. मूत्रपिंड अशक्त असल्यास गाबापेंटिन व प्रिगाबालिनची मात्रा घटवतात. यांपैकी कोणतेही औषध एकाएकी बंद करू नये. त्वचा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी, नस बधिर करणारे इंजेक्शन, मऊ ते खरखरीत कापडाने त्वचेला स्पर्शाची सवय लावणे आणि फिजिओथेरपी यांची जोड देतात. पुन्हा शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय.

नाशिक जिल्ह्यात मात्रा सावकाश वाढवण्याची ही पद्धतच अडचणीची ठरते. सुरगाणा, पेठ या दुर्गम भागांतून दर फेरतपासणीला शहर गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि गुण येण्याआधीच गोळ्या सुटू शकतात. निफाड-दिंडोरीत द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. हर्नियाच्या रुग्णाला क्रेट उचलण्याचे काम त्याच दिवसांत येते. निफाडचा पारा थंडीत एक अंकी होतो आणि गारठ्याने तंत्रिकावेदना अनेकांत वाढते. त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ ठरवतानाच शेतीचा हंगाम विचारात घेणे आणि मात्रेतील बदल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा फोनवर करून देणे इष्ट.