शेअर केलेला फोल्डर वेबमेलमध्ये दिसत का नाही? थोडी पार्श्वभूमी

सर्व्हरवर परवानगी दिलीये, लॉगमध्ये एरर नाही, तरी वेबमेलमध्ये शेअर केलेला फोल्डर काही दिसत नाही. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं. मग कॉन्फिग उलटीपालटी करणं सुरू होतं, पण खरी गोची जुनी आहे, शेअरिंगचे नियम एकदम आलेच नाहीत, तुकड्यातुकड्यांनी आले.

१९८६ मध्ये मार्क क्रिस्पिननं स्टॅनफर्डला आयमॅप (सर्व्हरवरचा मेल वाचायचा प्रोटोकॉल) बनवायला घेतलं तेव्हा डोक्यात एवढंच होतं की मेल सर्व्हरवरच राहावा आणि कुठल्याही मशीनवरून वाचता यावा. दुसऱ्याचा फोल्डर वाचायची सोय नंतरची. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सायरस या मेल सर्व्हरवर बुलेटिन बोर्डही (सगळ्यांनी वाचायचे फोल्डर) चालवायचे होते, त्यामुळे तिथं परवानग्यांचा विचार लवकर झाला, आणि तिथल्याच जॉन मायर्सनं लिहिलेला एसीएलचा (कोणाला कुठला हक्क याच्या यादीचा) आरएफसी २०८६, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, जानेवारी १९९७ ला आला. एका हक्काला एक अक्षर. 'एल' असेल तर फोल्डर यादीत दिसणार, 'आर' असेल तर उघडणार, म्हणजे नुसता 'आर' देऊन मोकळं झालात तर समोरच्याला काहीच दिसत नाही! अख्खा फोल्डर उडवायचा हक्क कुठला हे मात्र नीट लिहिलंच नव्हतं, मग काही सर्व्हरनी 'सी' (फोल्डर बनवायचा) धरला, काहींनी 'डी' (मेल उडवायचा). हा घोळ डिसेंबर २००५ च्या आरएफसी ४३१४ नं निस्तरला, फोल्डर उडवायला वेगळं अक्षर, मेल उडवायला वेगळं.

मधल्या काळात, मे १९९८ ला, नेमस्पेस, म्हणजे फोल्डरांचे गट ओळखायची सोय, आलं. माझे फोल्डर, इतरांचे आणि सगळ्यांचे, या तिन्हींचं प्रीफिक्स (नावाआधीचा भाग) आणि सेपरेटर (फोल्डर आणि सबफोल्डरच्या नावांमधलं चिन्ह) काय ते सर्व्हरच सांगणार. त्याआधी प्रीफिक्स हातानं टाकावं लागायचं. सेपरेटर ही तर वेगळीच डोकेदुखी, सायरसमध्ये आधी डिफॉल्ट टिंब होतं, म्हणजे युजरच्या नावातच टिंब असलं की पंचाईत, म्हणून स्लॅशचा ऑप्शन द्यावा लागला.

२००२ मध्ये आलेल्या डवकॉट या मेल सर्व्हरमध्ये आणखी एक पायरी आहे. कोणी कोणाला काय शेअर केलंय हे बघायला दर वेळी सगळ्यांचे मेलबॉक्स धुंडाळणं परवडत नाही, म्हणून त्याची वेगळी डिक्शनरी फाइल ठेवावी लागते. ती सेट केली नाही तर परवानगी बरोबर असूनही यादी रिकामीच. आणि एवढं सगळं जमलं तरी राउंडक्यूब हा वेबमेल सहसा सबस्क्राइब केलेलेच (यादीत दाखवायला निवडलेले) फोल्डर दाखवतो, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन त्या फोल्डरवर टिक करावी लागते. माझ्या मते आधी हेच बघावं, सर्व्हरला हात नंतर.

वाचलं-न वाचलंचा हिशोबही असाच उशिरा सुटला. सायरस तो प्रत्येक युजरचा वेगळा ठेवतो, डवकॉटमध्ये मात्र एकानं मेल उघडला की सहसा सगळ्यांनाच वाचलेला दिसायचा, खासगी इंडेक्सची (प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवायची) सोय २.२ आवृत्तीत आली आणि तीही सेटिंगमध्ये स्वतःहून लिहावी लागते.