सायलेन्सर आणि डेसिबलचं चुकलेलं गणित

'९० डेसिबलचे ८० झाले, म्हणजे आवाज जेमतेम ११ टक्के कमी!' गॅरेजमध्ये हा हिशेब वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. डेसिबलची मोजपट्टी फूटपट्टीसारखी सरळ नाही, ती लॉगॅरिदमची, म्हणजे पटीत मोजणारी आहे. १० डेसिबल घटले की ध्वनीची ऊर्जा एक दशांश उरते आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. नुसते ३ घटले तरी ऊर्जा निम्मी. याच न्यायाने ८० डेसिबलची दोन इंजिनं शेजारी सुरू केली, तर १६० नव्हे, ८३ भरतात.

सायलेन्सर मोजताना आधी त्याच्या जागी साधा पाइप लावून आवाज नोंदवतात. मग सायलेन्सर बसवून, मायक्रोफोन तिथेच आणि इंजिनाचा आरपीएम तोच ठेवून पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे 'इन्सर्शन लॉस'. 'ट्रान्समिशन लॉस' वेगळा: त्यात सायलेन्सरमध्ये शिरलेली आणि पलीकडे निघालेली ध्वनिऊर्जा ताडून पाहतात. एकाच सायलेन्सरचे हे दोन आकडे सहसा जुळत नाहीत, तेव्हा विक्रेत्याने सांगितलेला आकडा कोणता, हे जरूर विचारा. तोही कोणत्या फ्रिक्वेन्सीला? कारण खर्जातला घुमारा गिळणारा सायलेन्सर वरची शिट्टी खुशाल सोडून देऊ शकतो.