तोटी मोठी केली म्हणून टाकी मोठी होत नाही

मे महिना, वळवाचा वारा सुटला, कुठेतरी फांदी तारेवर पडली, की माझा फोन सुरू होतो. परवा इंदिरानगरहून एक ताई बोलत होत्या. "दादा, सातशेचा काढून अकराशेचा इन्व्हर्टर बसवला, तरी बाबांचं ऑक्सिजनचं मशीन दीड तासात बंद पडलं!" बॅटरी कुठली, विचारलं. "तीच, जुनी. ती चांगलीय की."

इथेच घोळ आहे. बसवायला गेलो की दर दोन घरांआड हेच ऐकतो आणि आता कंटाळलोय.

डब्यावर लिहिलेलं व्हीए म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. बॅटरीवरचं एएच म्हणजे किती साठलंय. इन्व्हर्टरच्या डब्यात काहीही साठत नाही. तो नुसती तोटी, टाकी म्हणजे बॅटरी. उन्हाळ्यात गंगापूर धरण किती टक्के उरलं हे आपण पेपरात बघतो, तेव्हा घरातली तोटी किती इंची हे कुणी मोजत बसत नाही. मग विजेचं बोलताना उलटं का?

तासांचं गणित पंख्यांवर सांगायची दुकानदारांची सवय मला अजिबात आवडत नाही. मिनिटाला पाच लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ते मशीन, साधारण ३५० वॉट खातं, म्हणजे चार-पाच पंखे एकदम. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. भागाकार केला तर पाच तास येतात, आणि लोक तिथेच खूश होतात. पण १५० हा आकडा वीस तासांत हळूहळू ओढली तरचा. घाईने ओढली की बॅटरी कमी देते, शिवाय थोडं इन्व्हर्टर स्वतःच खातो. नव्या बॅटरीवर तीन तास धरा. तीन-चार वर्षं जुनी असेल तर त्याच्या अर्ध्याचीही खात्री नाही. त्यात टीव्ही आणि दोन पंखे त्याच लाइनवर, म्हणजे ताईंचा दीड तास कुठे गेला ते कळलं.

उलटी चूकही होते. बॅटरी मोठी, पण इन्व्हर्टर सहाशेचा. कॉन्सन्ट्रेटरमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो सुरू होताना चालण्याच्या कित्येक पट करंट मागतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो आणि बॅटरी भरलेली असून मशीन बंद. म्हणून मशीनसाठी नऊशेच्या खालचा मी बसवत नाही, आणि तोही प्युअर साइन वेव्हच, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो, तापतो.

कॉम्प्युटरचा यूपीएस? आत ७ एएचची चिमुकली बॅटरी. कॉन्सन्ट्रेटरच्या नादी लावू नका. बायपॅपला, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या श्वासाच्या मशीनला, थोडा वेळ पुरेल, तोही हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद असेल तर, बस.

भरण्याचंही कुणी विचारत नाही. रिकामी १५० एएच बॅटरी घरच्या चार्जरवर भरायला दहा-बारा तास सहज लागतात. दुपारी तीन तास लाइट गेली आणि रात्री पुन्हा गेली, तर दुसऱ्या वेळी टाकी अर्धीच असते.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर घाला. बी टाइप या मापाच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरच्या फ्लोवर बारा तास, पाच लिटरवर पाच तास. गंमत म्हणजे बहुतेक कॉन्सन्ट्रेटरमध्ये फ्लो कमी केला तरी कॉम्प्रेसर जवळजवळ तेवढीच वीज ओढतो. सिलिंडर फ्लोप्रमाणे टिकतो, बॅटरी नाही. आणि सिलिंडर पुरवायला म्हणून स्वतःच फ्लो खाली आणू नका, तो आकडा डॉक्टरांचा.

ताईंकडे गेलो. अकराशेचा तसाच ठेवला, टीव्हीची लाइन तोडली, बॅटरी नवी घातली. कोपऱ्यात बी टाइपचा सिलिंडर आधीपासूनच होता, कोविडच्या वेळचा, भरलेलासुद्धा. त्या रात्री वापरला का नाही, विचारलं. सिलिंडर उघडायची चावी सापडली नव्हती. मग बाबांच्या पायजम्याची जुनी नाडी मागून घेतली आणि चावी सिलिंडरच्या मानेलाच बांधून टाकली.