ऑटो-इम्पोर्ट

प्रोग्राममध्ये वापरलेले एखादे नाव ज्या मॉड्यूलमध्ये (कोडच्या स्वतंत्र भागात) आहे ते फाइलच्या सुरुवातीला इम्पोर्ट केलेले, म्हणजे वापरासाठी जोडून घेतलेले नसेल, तर ते शोधून योग्य ओळ सुचवणारी किंवा थेट घालणारी सोय. एक्लिप्स या एडिटरमधली ‘ऑर्गनाइझ इम्पोर्ट्स’ ही आज्ञा, गो भाषेचे ‘गोइम्पोर्ट्स’ आणि रस्टचे ‘रस्ट-अ‍ॅनालायझर’ ही तिची परिचित उदाहरणे. 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेची जाण असलेले साधन यांच्या संवादाचे सामाईक नियम, खुला झाल्यावर ही सोय प्रत्येक एडिटरसाठी नव्याने लिहिण्याची गरज बरीच कमी झाली.

नाव अनोळखी आहे हे कंपायलर किंवा लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारे साधन) सांगतोच. ते कुठे आहे हे कळावे म्हणून प्रमाणित लायब्ररी, प्रकल्पातल्या फाइली आणि इन्स्टॉल केलेली पॅकेजेस यांतल्या नावांची सूची आधीच करून ठेवतात.

खरी मेख शोधण्यात नाही, निवडण्यात आहे. जावात ‘लिस्ट’ नावाचे दोन प्रकार आहेत: ‘यूटिल’मधली यादी आणि ‘एडब्ल्यूटी’मधला पडद्यावरचा घटक. नवख्याने दुसरा निवडला, की भलत्याच ओळींवर चुका दिसू लागतात. पण नावापुढे कोनी कंसात ‘स्ट्रिंग’ लिहिलेले असेल तर प्रश्नच मिटतो, कारण ‘एडब्ल्यूटी’चा प्रकार जेनेरिक नाही, म्हणजे त्याच्यापुढे कंसात दुसरा प्रकार लिहिताच येत नाही. असा आजूबाजूचा पुरावा न पाहता वर्णक्रमाने पर्याय मांडणारे साधन अर्धवटच म्हणायला हवे.

मुकाट्याने चालून जाणारी चूक अधिक घातक. गोमध्ये यादृच्छिक आकडे देणारी आणि ‘रीड’ हे फंक्शन असलेली ‘रँड’ नावाची दोन पॅकेजेस आहेत, एक ‘मॅथ’खाली, दुसरे ‘क्रिप्टो’खाली. गुप्त किल्ली बनवताना पहिले आले तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो, फक्त किल्लीच्या सुरक्षिततेचा भरवसा उरत नाही. म्हणून ‘गोइम्पोर्ट्स’मध्ये ‘रँड.रीड’साठी ‘क्रिप्टो’ला मुद्दाम पसंती दिलेली आहे. साच्यात मजकूर भरणाऱ्या ‘टेम्प्लेट’चेही तसेच: ‘टेक्स्ट’खालचे पॅकेज वेबपानासाठी वापरले, तर ‘एचटीएमएल’खालच्या पॅकेजाप्रमाणे धोकादायक मजकूर निष्प्रभ होत नाही.

सूचनांचा क्रम सुधारण्यासाठी त्याच प्रकल्पातल्या इतर फाइलींनी काय इम्पोर्ट केले आहे हे पाहणे हा साधा आणि बहुधा सर्वांत उपयोगी उपाय. नको असलेली पॅकेजेस सूचनांतून वगळण्याची सोयही अनेक एडिटरांत असते.

पायथनमध्ये आणखी एक गुंता आहे. इम्पोर्टचे नाव आणि पॅकेजचे नाव जुळेलच असे नाही: ‘सीव्ही2’ हवे तर ‘ओपनसीव्ही-पायथन’ इन्स्टॉल करावे लागते, ‘यामल’साठी ‘पायामल’. हा मेळ तक्त्यातूनच घालावा लागतो. नावावरून अंदाज बांधून पॅकेज परस्पर उतरवून घेणारे साधन, मिळत्याजुळत्या नावाने कोणी घातक पॅकेज टाकून ठेवले असेल, तर तेच उचलून आणते.