अ‍ॅप बँकेसारखं दिसतं म्हणून सोसायटी बँक होत नाही

सहकारी बँक म्हणजे काय हे बेळगावकरांना नव्याने सांगायला नको. खातं, चेकबुक, एटीएम, रिझर्व्ह बँकेचा परवाना. घोळ होतो तो सोसायटीपाशी, म्हणजे सभासदांच्या ठेवी घेऊन कर्ज देणाऱ्या पतसंस्थेपाशी. खानापूर, निपाणीपर्यंत मल्टीस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या) आणि कर्नाटकातल्या सौहार्द सोसायट्या आहेत, आणि आता त्यांचीही अ‍ॅप आली. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, भरली की मोबाईलवर मेसेज येतो. लोक म्हणतात, "बँकच की ती." नाही, बँक नाही.

व्याजदर, शाखेची वेळ, कर्जाचे कागद हे फरक सोडून द्या. पैसे अडकले तर जबाबदार कोण, एवढंच महत्त्वाचं. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो. 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून 5 लाखांपर्यंत. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तर ही रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद 2021 मध्ये झाली. सोसायटीच्या ठेवीला हा विमा नाहीच. मल्टीस्टेट सोसायटी 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली येते, तिचे निबंधक दिल्लीत. सौहार्द सोसायटी कर्नाटकच्या 1997 च्या कायद्याखाली. "सरकारकडे नोंद आहे" हे खरंच असतं, पण नोंदणीमुळे रिझर्व्ह बँकेची देखरेख येत नाही. ठेवीच्या प्रत्येक पावतीवर हे ठळक छापलंच पाहिजे.

'मल्टीस्टेट' या पाटीवरही जाऊ नका. मल्टीस्टेट बँकाही असतात. पैसे पाठवताना लागणाऱ्या आयएफएससी कोडवरूनही कळत नाही, कारण सोसायट्यांसारख्याच काही छोट्या सहकारी बँकाही दुसऱ्या बँकेमार्फत पैसे पाठवतात. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे, तीच बघायची.

"पेपरलेस झालो, झाडं वाचवली" ही अहवालातली फुशारकी मला सहन होत नाही. पासबुक मोबाईलमध्ये गेल्याने कारभार स्वच्छ होत नाही. संस्था टिकणार की नाही हे ऑडिट, थकबाकी आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांवरून कळतं. सोसायटीत तुम्ही सभासद असता, आणि सभासदाला एक मत असतं. म्हणून पिग्मी मी सोसायटीतच ठेवेन, अडीनडीला तिथं चटकन कर्ज मिळतं. निवृत्तीचे पैसे मात्र अजिबात नाही. आणि वार्षिक सभेत जेवणाआधी थकबाकीचा आकडा विचारा. अहवाल कळत नसेल तर मराठी प्रत मागून घ्या.